वहिनींच्या पदराची गाठ

मालतीवहिनींच्या पदराच्या टोकाला कायम एक गाठ असे. तिच्यात खडीसाखर. राइट टाउनच्या आमच्या घरात सगळ्यांना वाटे, मधुमेह असूनही ही बाई चोरून गोड खाते. मुलं चिडवत, "काकू, आज किती खडे खाल्ले?"

"खाऊन नाही राहिली रे, सांभाळून राहिली," त्या हसत.

खरं म्हणजे त्यांना गोड आवडतच नसे. पुरणपोळीबरोबरही मिरचीचा ठेचा लागे. दोन्ही वेळा स्वतःच पोटात इन्सुलिन टोचून घ्यायच्या आणि लगेच पान वाढून घ्यायच्या. "माझं घड्याळ पोटात आहे, भाऊजी. सुई टोचली की सुरू. मग ते कोणासाठी थांबत नाही."

गाठीचं कारणही त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "वाढलेली साखर हळूहळू खाते माणसाला. पण उतरली ना, तर उभ्याउभ्या पाडते. तेव्हा हे दोन खडे तोंडात टाकायचे."

म्हणजे मला माहीत होतं. हेच लिहायचं आहे. आता ऐंशी उलटली, आणखी किती दिवस पोटात ठेवणार?

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी कारखान्यातल्या माझ्या साहेबांना बोलावलं होतं. वहिनींनी विचारलं, "भाऊजी, नैवेद्य नक्की किती वाजता?" मी म्हणालो, "साडेबाराला." त्या हिशेबाने त्यांनी सुई घेतली. साडेबारा वाजले, एक वाजला. साहेबांचा पत्ता नाही. दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, म्हणाले, "चलो, नैवेद्य दाखवून टाकू." मी म्हणालो, "थांबा थोडं, येऊन राहिले ते."

वहिनी सोवळं नेसून स्वयंपाकघरात होत्या. गाठीचं लुगडं खुंटीवर, सोवळ्यात शिवायचं कसं? मी डोकावलो तेव्हा त्यांचा चेहरा घामाने निथळत होता आणि हात नैवेद्याच्या ताटातल्या लाडवावर होता.

"वहिनी! एक दिवस तरी जिभेला आवरा," मी सगळ्यांसमोर ओरडलो.

त्या काहीतरी पुटपुटल्या. शब्द नीट फुटत नव्हते. लाडू परत ठेवला आणि तिथेच कोसळल्या. शेजारच्या डॉक्टरांनी धावत येऊन शिरेतून ग्लुकोज दिलं, म्हणून वाचल्या.

घरात मात्र गोष्ट वेगळीच झाली. वहिनींनी नैवेद्य उष्टा करायला घेतला आणि देवीने तिथल्या तिथे इंगा दाखवला. दरवर्षी कोणीतरी ती सांगे, सगळे हसत. वहिनीही हसत. माझ्याकडे एकदा पाहत आणि वाढायला लागत. मी मान खाली घालून जेवत असे.

गेल्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. तेरवीला त्यांचा मुलगा नितीन फोटोपुढच्या पानात लाडू वाढत म्हणाला, "आईला गोड म्हणजे जीव की प्राण. नैवेद्यसुद्धा सोडला नव्हता तिने!" लोक मायेने हसले.

"उचल तो लाडू," मी म्हणालो. "तुझी आई त्या दिवशी जीव वाचवायला खात होती. मी ठेवायला लावला. उशीरही माझ्यामुळेच झाला होता."

मग नितीन म्हणाला, "इतकी वर्षं काहून नाही सांगितलं, काका? ती होती तेव्हा?"

त्याने लाडू उचलला. त्याची बायको आतून ठेचा घेऊन आली. तो वाढल्यावर ते पान वहिनींचं वाटलं.