खांबावरचा दुसरा हार

आमच्या बंदरावर एका परदेशी दर्यावर्द्याच्या नावाचा खांब आहे. त्यानं हे गाव शोधलं म्हणे. आम्ही काय हरवलो होतो? दरसाल साहेबलोक येऊन हार घालतात. माझी सुमन त्याच्या पायऱ्यांवर जवळा वाळवायची, मग खांब धुवायची. ती चैत्रात गेली. यंदा मी तो घासला आणि साहेबांच्या हाराच्या वर अबोलीचा वळेसर बांधला.

साहेब म्हणाले, "आजोबा, हा कुणासाठी?"

"बायकोसाठी. तीही होडीतनंच आली, अनोळखी गावात. तुमचा पाहुणा बघून गेला. ती राहिली."

मागनं कोळणी ओरडल्या, "काढायचा नाय हां, साहेब!"

जग बघायला छाती लागते, खरं. एका जागी नांदायला त्याहून मोठी लागते. वाऱ्यावर दोन्ही हार हलतायत. सुमनचा वर आहे.