पातेल्याचं बूड

लग्नाआधी मी कार्बन फक्त रसायनशास्त्राच्या वहीत पाहिला होता. बेळगावात कॅम्पातल्या आमच्या घरी गॅस होता, भांडी कायम लख्ख. त्यात बी.एस्सी.ची दोन वर्षं झालेली. गुंजीच्या सासरी साक्षात शास्त्रज्ञच उतरली म्हणायची! निदान तेव्हाच्या माझ्यातल्या बयेचा तसा समज होता. आता नातवंडं झाल्यावर तिला बया म्हणायला माझी काही हरकत नाही.

पहिल्यांदा माहेरी जायचा दिवस. दुपारची गाडी. त्याआधी भात मी करायचा होता, चुलीवर. सासूबाईंनी स्वतःचं आमटीचं पातेलं पालथं घातलं आणि बुडाला बाहेरून राख-मातीचा ओला हात फिरवला.

"तूबी लाव गं, भाताच्या पातेल्याला."

"चकचकीत भांड्याला चिखल?" मी नाक मुरडलं. "आत्याबाई, काजळी म्हणजे नुसता कार्बन. साबणानं निघेल."

"निघंल तर बरंच. न्हाय निघाली, तर काढूनच गाडीत बसायचं. पातेलं माझ्या आईचं हाय."

लाकडं ओलसर होती. भात होईतो पितळेचं बूड म्हशीच्या पाठीसारखं झालं. साबण लावला. साबण काळा झाला, पातेलं होतं तसंच. 'कार्बन पाण्यात विरघळत नाही' हे वाक्य मी परीक्षेत खाली रेघ मारून लिहिलं होतं, त्याचे गुणही घेतले होते. ते भांड्यांनाही लागू असेल, अशी शंका मात्र मला चाटून गेली नव्हती.

शेजारी सासूबाईंनी आपल्या पातेल्यावर तांब्याभर पाणी ओतलं, एकदा चोळलं. माती निघाली, तिच्याबरोबर काजळीही गेली.

मी घासता घासता अब्रू सावरत होते. "कार्बन पेन्सिलीत असतो, कोळशात असतो, आपल्या अंगातसुद्धा असतो."

"अंगातला ऱ्हाऊ दे आत. बुडाचा काढ."

चिंच झाली, वाळू झाली. अर्धं बूड उजळलं आणि स्टेशनाकडून शिट्टी आली. गाडी गेली. मला रडू फुटलं, आणि त्याच हातांनी मी डोळे पुसले. पिशवी घेऊन दारात उभा असलेला नवरा माझं तोंड बघून खो-खो हसत सुटला.

"हसतोस काय रं?" सासूबाई कडाडल्या. "पाणी दे तिला. आन् बसनं सोडून ये." मग माझ्याकडे वळल्या. "लई रडू नको. ऱ्हाऊ दे तसंच. दोन दिसांनी आलीस की ऱ्हायलेलं घास."

दोन दिवसांसाठी गेलेली मी आठ दिवस माहेरून हलले नाही. आईचा जीव खालीवर.

"खरं सांग, सासरी काही त्रास आहे का गं?"

"छे गं, माणसं सोन्यासारखी आहेत," मी म्हटलं. "पातेलं तेवढं टपून बसलंय."