यान थांबलं, म्हणून साखरपुडा थांबला

सगळ्यात आधी आली पोराची आत्या. हातात पेढ्यांचा पुडा, पण बरोबर पोरगा नाही! नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. नातीच्या, सुमीच्या, साखरपुड्याला मी काष्टीहून संगमनेरला लेकीकडं गेले होते.

तुम्हाला जायचं असेल तर सकाळची एसटी धरा. डाव्या खिडकीला बसा, ऊन लागत नाही. केडगाव आलं की नगर आलंच. तिथं गाडी बदला, पण चहा पिऊ नका, नुसतं गोड पाणी. राहुरीला उसाचा रस प्या. पुढं लोणीपर्यंत ऊसच ऊस. माझी निम्मी भाकरी शेजारच्या बाईनं सुनेच्या कागाळ्या सांगत संपवली. असो.

पोरगा लांब समुद्रकाठी, यान सोडतात तिथं हवामान बघायच्या कामाला. आत्या म्हणाली, यान उडायला उभं केलंय, पण योग्य वेळ आल्याशिवाय सोडत नाहीत, म्हणून रजा रद्द झाली. झालं! जावयाचा चेहराच बदलला. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हापासून कुणी पंचांगाला हात लावलेला नाही, आणि हा शिकलेला पोरगा मुहूर्त बघत बसलाय?

"असल्या घरात माझी पोर द्यायची न्हाई," जावई म्हणाला. सुमी दाराआड उभी. पोरगा तिच्या मनात भरलेला, मला ठाऊक होतं.

मी म्हटलं, त्यालाच विचारू. आत्याकडं नंबर होता. एसटीडी बूथमध्ये मी, आत्या आणि जावई कसेबसे मावलो. मी विचारलं, "बाळा, कशाची वाट बघताय?"

"ढग सरायची, आज्जी. विजेचे ढग हायेत. त्यातनं यान गेलं तर आपणहून वीज ओढून घेतं. वर वारंबी लई हाय."

"आन अमावस्या असली तर?"

"आभाळ मोकळं असलं तर अमावस्येलाबी सोडू."

मी फोन जावयाच्या कानाला लावला आणि पोराला म्हटलं, हेच परत सांग. जावई ऐकत राहिला. मग हळूच विचारलं, पाऊस आला तर यानाला झाकता का? मग काय, बोलणं थांबेचना. बूथवाला मीटरकडं बघून खोकला.

काष्टीला परत आले तरी ते यान डोळ्यांपुढून जाईना. एवढं ताकदीचं, पण ढगापुढं गप उभं. थांबण्यात त्याला कमीपणा नाही, मग आम्हाला कसला?

त्या दिवशी निघताना पोराकडच्या पाहुण्यांनी साखरपुड्याला परत यायचा दिवस सांगितला होता: यान उडेल, त्याच्या पुढचा रविवार. जावई म्हणाला होता, चालेल.