बाहेरची कडी

हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. चार-पाच वेळा ओठांवर आलं होतं. एकदा तर ती भाजी निवडत बसली होती, घरात आम्ही दोघंच होतो, आणि मी उठून पंख्याचा वेग वाढवला. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच म्हणा.

सातपूरच्या एका कारखान्यात मी टर्नर होतो. राहायला अंबडजवळच्या एका कॉलनीत, बैठ्या घरांच्या ओळीत. नव्वदीची शेवटची वर्षं. त्या उन्हाळ्यात घरफोड्यांनी सगळ्यांची झोप उडवली होती. पेपरात रोज एक तरी बातमी असायची. राज्यभर हेच चाललंय, असं लोक म्हणायचे, पण राज्याचं कोणाला काय? आमच्या मागच्याच गल्लीत दोन घरं फुटली, तीही भरदुपारी. चोरांची एक पद्धत होती. आधी शेजारच्या घरांच्या कड्या बाहेरून लावून टाकायच्या, म्हणजे कितीही आरडाओरडा झाला तरी कोणी बाहेर येऊ शकत नाही, आणि मग निवांत कुलूप तोडायचं. पोरासोरांनाही हे पाठ झालं होतं.

सरूमावशींचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. त्या एकट्याच राहायच्या. सकाळी फुलबाजारातून मोगरा आणायचा, गजरे ओवायचे, आणि दुपारी देवळाबाहेरच्या दुकानात देऊन यायचे, असा त्यांचा क्रम. माझी रात्रपाळी असली की दिवसा त्या रेडिओ बारीक करायच्या. ‘भास्कर निजलाय, गप ऱ्हा,’ असं पोरांना दटावताना मी त्यांना कितीदा ऐकलंय.

एका दुपारी त्यांचं घर फुटलं. चोर आत असतानाच मावशी परतल्या. हातातल्या पाटल्या ओढताना त्या चोरांनी त्यांचं उजवं मनगट मोडलं. आणि मी? मी घरात कोंडला गेलो होतो. माझ्या दाराला चोरांनी बाहेरून कडी लावली होती.

ही झाली सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. पोलिसांच्या कागदावरही हीच आहे. हवालदार म्हणाले, ‘कड्या लावणारीच टोळी दिसतेय,’ आणि त्या टोळीच्या नावावर आणखी एक घर लिहिलं गेलं. मी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली, की सांगताना माझे हात थरथरायचे. खोटं बोलताना असं खरंखुरं थरथरता येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला तोवर नव्हतं.

त्या आठवड्यात माझी रात्रपाळी होती, पण मी जागा होतो. बायको नांदगावला माहेरी गेली होती. भिंतीपलीकडून कटावणीने कोयंडा उचकटल्याचा आवाज आला. दिवसभर लोखंडाशी खेळणाऱ्या माणसाला तो कळणार नाही? कळला. मी उठून दाराशी गेलो आणि आतून कडी लावली. वरचा बोल्टही सरकवला. दाराला लागूनच गजांची खिडकी होती, तिच्या कडेला उभा राहिलो.

आणि मावशी येताना दिसल्या. डोक्यावर पदर, काखेत रिकामी टोपली. माझ्या खिडकीसमोरून, अगदी हातभर अंतरावरून त्या गेल्या. ‘मावशी, थांबा’ — एवढंच म्हणायचं होतं. नुसतं कुजबुजलो असतो तरी ऐकू गेलं असतं. मी श्वास रोखून धरला. त्यांना चाहूल लागली असती तर त्यांनी मला हाक मारली असती, आणि मग मला बाहेर जावं लागलं असतं ना! चोरांपासून नाही हो — मी मावशींपासून लपलो.

त्यांनी हाक मारलीच. ‘भास्कर! आरं भास्कर, ये रं लवकर!’ तीनदा. मी घरात आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी कानांवर हात दाबून खाली बसलो.

मग दोघं जण धावत गेले, कोपऱ्यावर मोटारसायकल सुरू झाल्याचं ऐकलं. आता बाहेर जायला हवं होतं. पण जाऊन सांगणार काय? इतका वेळ कुठे होतो म्हणून? तेव्हा मला ती पद्धत आठवली. बोल्ट काढला, आतली कडी काढली. खिडकीच्या गजांतून खांद्यापर्यंत हात बाहेर घातला आणि चाचपडत माझ्याच दाराची बाहेरची कडी मी लावली. मग दार बडवायला लागलो. ‘उघडा! कोंडलंय मला!’

कोणीतरी म्हणेल, ‘अरे, खिडकीतून हात घालून काढायची की!’ — या धास्तीने आठवड्याच्या आत मी त्या खिडकीला बारीक जाळी ठोकून घेतली. सुरक्षित दिसते म्हणून ओळीतल्या बाकीच्यांनीही बसवली. चोरांची भीती पावसाळ्यापर्यंत ओसरली. ही दुसरी अजून आहे, आत्ता लिहितानाही आहे.

मावशींचं मनगट वाकडं सांधलं. सुई धरता येईना, गजरे बंद झाले. मी त्यांचं पाणी भरून द्यायचो, तर त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, ‘भास्कर लय करतो माझं.’ पुढे त्या भावाकडे राहायला गेल्या आणि काही वर्षांनी तिकडेच वारल्या. निरोप आला तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. वाईट नंतर वाटलं.

एक अजून सांगायचं राहिलं — खरं म्हणजे तेच टाळत होतो. ती कडी काढली कोणी? ओळीतली बाकीची माणसं कामावर, दारांना कुलपं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कडी मावशींनी काढली. मोडका हात पोटाशी धरून, डाव्या हाताने. दार उघडलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरकलो. ते बघून त्या म्हणाल्या, ‘भिऊ नको, गेले ते.’

आणि मी त्यांना विचारलं, ‘काय झालं, मावशी?’