प्रेषितांना दहापैकी चार

प्रेषितांच्या पत्राला दहापैकी चार गुण देणारा सोलापुरातला मी एकमेव शिक्षक आहे.

तसा माझा हेतू पवित्र होता. पन्नाशी आली तरी बायबल मी फक्त रविवारी चर्चमध्ये, तेही शेजारच्याच्या पुस्तकात डोकावून वाचत होतो. पाळकसाहेब म्हणाले, "सर, घरी अभ्यास करा. पण आधी दोन-तीन भाषांतरं शेजारी ठेवून बघा. जे समजतं आणि मुळाशी इमान राखतं, ते घ्या." मी आठवीला मराठी शिकवतो. 'तुलना करा' हा प्रश्न पंचवीस वर्षं मुलांना घालतोय! सोप्या भाषेतलं एक नवं भाषांतर आणलं, तळटिपांचं एक आणलं (ओळ एक, टिपा सात!), आणि जुनं भाषांतर मागायला होटगीला सासूबाईंकडे गेलो.

सासरे रेल्वेत होते, पण होटगीला गाड्या सासूबाईंच्या नजरेनं थांबायच्या, असं आमच्याकडे मानतात. त्या नजरेला मोतीबिंदू झाला होता, म्हणूनच बायबल मिळालं.

"न्या. पर पान दुमडायचं न्हाय. आन् पेन तर लावायचाच न्हाय. माझ्या आईचं हाय त्ये."

"छे छे, आई! मी शिक्षक आहे!" (संकट नेमकं तिथंच होतं, पण तेव्हा दोघांनाही कळलं नाही.)

शनिवारी दुपारी टेबलावर डावीकडे आठवी 'ब'च्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका, उजवीकडे तिन्ही भाषांतरं. प्रेषितांच्या पत्रातला एकच उतारा तिन्हींत वाचायचा आणि वहीत गुण लिहायचे, असा बेत. नवं भाषांतर सरळ, वर्तमानपत्रासारखं. तळटिपांचं प्रामाणिक, पण पावलोपावली अडवणारं. जुन्याचा थाट निराळाच! एकेक वाक्य असं, की सुरू होताना चहा ठेवावा आणि संपताना कप विसळावा. मी रंगलो. पेन हातातच होता. तांबडा.

तासाभरानं बायको, शालिनी, चहा घेऊन आली आणि किंचाळली.

"अहो! हे काय केलंत?"

मी खाली पाहिलं. वही कोरी होती. सासूबाईंच्या बायबलात मात्र ओळीओळींमध्ये, माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'वाक्य फार लांब. दोन वाक्ये करा.' 'मुद्दा पुन्हा आला आहे.' ''तो' म्हणजे कोण?' आणि पानाच्या तळाशी, गोलात, चार! आम्ही मोजले. तेवीस शेरे.

"पुढच्या रविवारी आईकडे उपकारस्तुतीची सभा आहे," शालिनी खुर्चीत कोसळत म्हणाली. "ती यातूनच वाचणार आहे."

"पण... त्यांना दिसेल का?" मी आशेनं विचारलं.

"विसरलात? डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, म्हणूनच तर सभा आहे!"

मी धावत खोडरबर आणला. चालवला, तर तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा कागद फाटायला लागला. व्हाइटनर लावला, तर तांबडा शेरा वर उमटला आणि अर्धा यरुशलेम गेला!

"थांबा!" शालिनीनं बाटली हिसकावली. "आणखी दोन पुसायला गेलात तर त्यात वाचायला काही उरायचं नाही!"

आठवडाभर मला जेवण गेलं नाही. कबुली द्यायला एकदा फोनही केला. पलीकडून आनंदी आवाज आला, "जावईबापू? लई झ्याक दिसतंय बघा! मुंगीचं पाय मोजत बसलेय!" मी "जपा" म्हणून फोन ठेवला.

रविवारी होटगीला सतरंजीवर वीस-पंचवीस माणसं. मी परत आणलेलं बायबल सासूबाईंनी मांडीवर घेताच मी घाईघाईनं पुढं झालो. "आई, मी वाचतो. डोळ्यांना ताण नको."

"हात काढा. इतकी वर्सं दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितलं व्हय मी?"

पाळकसाहेबांनी उतारा सांगितला. तोच! डोक्यावर पंखा फिरत होता, तरी माझा शर्ट पाठीला चिकटला. सासूबाई ओळीवर बोट ठेवून खणखणीत वाचू लागल्या. नवी नजर, दिसेल ते सोडायचं नाही, असा निर्धार. एक भलंमोठं वाक्य संपलं आणि त्याच सुरात त्यांनी वाचलं, "वाक्य फार लांब. दोन वाक्ये करा."

"आमेन!" सभा म्हणाली.

सासूबाई थांबल्या. पान डोळ्यांजवळ नेलं. "मुद्दा पुन्हा आला आहे."

"आमेन," मागून एक म्हातारबाबा एकटेच म्हणाले.

"पाळकसाहेब, हे आधी न्हवतं की शास्त्रात?"

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. शालिनीनं तर बोटच दाखवलं. (सप्तपदी झाली नव्हती, पण वचनं दिली होती हो चर्चमध्ये!)

"तुमी लिवलं?"

"हो, आई."

"चार मार्क?"

"दहापैकी," मी म्हणालो. (शंभरपैकी वाटायला नको!)

"माझ्या आईच्या शास्त्रात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी नवीन आणून देतो..."

"नव्यावर आईचं बोट फिरलंय का?" मग त्यांनी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "बसा हितं. सही करा."

"कुठं?"

"समद्या शेऱ्यांखाली. नातवंडं वाचतील उद्या. आजीनं लिवलं वाटाय नको."

पाळकसाहेबांनी खिशातून पेन काढून दिला. इतक्या तत्परतेनं त्यांनी आजवर मला काहीही दिलं नव्हतं! मी सह्या करत होतो, तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या पिशवीतलं सोपं भाषांतर काढून दोन ओळी वाचल्या.

"हे बरं हाय की. दम लागत न्हाय. ऱ्हाऊ दे माझ्यापाशी."

अशा रीतीनं भाषांतराची निवड झाली, आणि ती त्यांनी केली. माझ्या वाट्याला तळटिपा आल्या. प्रेषितांचं लिहिणं ज्याला झेपलं नाही तो इसम कोण, हे त्या घराण्याच्या पुढच्या पिढ्यांना कुणालाही विचारावं लागणार नाही. तेवीस ठिकाणी माझं पूर्ण नाव आहे, तारीख आहे, आणि कुणी मागितलेलं नसताना, निव्वळ सवयीनं, पुढं एम.ए., बी.एड.सुद्धा आहे!