रिकाम्या चौकटी

वहिनींना राग आला की त्या बोलत नाहीत, भांडी घासायला घेतात. घासलेलीसुद्धा पुन्हा घासतात. त्या दिवशी मात्र भांडी सुटली आणि दीर सापडला.

घराच्या पुढच्या खोलीत दोघांचं काम चालतं, लोकांच्या वेबसाइट सांभाळायचं. लग्न होऊन आल्या तेव्हा वहिनींना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दिराच्या शेजारी बसून शिकल्या, आणि आता गिऱ्हाईकंही त्यांना वहिनीच म्हणतात. सगळ्यांत जिव्हाळ्याचं काम एका आश्रमाचं. रस्त्यावर सापडलेली, नावगाव सांगता न येणारी माणसं तिथे आणतात. घरच्यांनी ओळखावं म्हणून त्यांचे फोटो साइटवर लावतात. ते फोटो वहिनींनी मुद्दाम ॲप्लिकेशनच्या फोल्डरबाहेर, वेगळ्या डिस्कवर ठेवले होते. नवी आवृत्ती चढवताना जुनं फोल्डर पुसलं जातं, त्यात चेहरे जायला नकोत. मग सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ लिहिली: कुणी चेहरे मागितले की त्या डिस्कवरून द्यायचे. या ओळीला एलियास म्हणतात.

सासूबाईंचा दात काढायला वहिनी दवाखान्यात गेल्या आणि इकडे दिराने नवी आवृत्ती चढवली. दवाखान्याच्या बाकावरच फोन वाजला. हरवलेल्या भावाला शोधणारी एक बाई साइटवरच्या नंबरवर नेहमी फोन करायची, तीच होती. वहिनींना तिचा आवाज पाठ झाला होता.

"वहिनी, आश्रमवाले म्हणाले, नवा फोटो लावलाय, बघा. इथे तर नुसती रिकामी चौकट! फोनवर पाठवा म्हटलं तर नियमात बसत नाही म्हणे. आणि संध्याकाळी त्या माणसाला गाडीने लांबच्या आश्रमात हलवणार. भलत्याच माणसांसाठी किती वेळा धावले हो मी. आता बघितल्याशिवाय पाय उचलत नाही."

वहिनींनी स्वतःच्या फोनवर पाहिलं. एक चेहरा दिसेल तर शपथ.

घरात शिरल्या त्या चपला न काढताच.

"भावजी, चेहरे कुठेयत?"

"आहेत की. हे बघा, सगळे दिसतायत."

"तुमच्या मशीनवर! तिथे तुम्ही फोटोंची नक्कल ॲप्लिकेशनच्या पोटातच घालून ठेवलीय. सर्व्हरवर कोण घालणार, तुमचा सासरा?"

दिराचा चेहरा पडला. "इथे त्या ओळीवाचून चालत होतं, म्हणून काढली. वाटलं, उगाच पडलीय."

"उगाच पडलीय! उद्या मी दुपारी आडवी झालेली दिसले तर मलाही काढून टाकाल."

"चिडू नका ना वहिनी. एक ओळच तर होती."

"त्या ओळीच्या पलीकडे माणसं आहेत! कितीदा घसा फोडून सांगितलं, काम झालं की बाहेरच्या फोनवरून, परक्यासारखं बघायचं. पण नाही. आपल्याला दिसलं की जगाला दिसलं!"

तोंडात बोळा धरून सासूबाई आतून काहीतरी म्हणाल्या. थोरल्या सुनेच्या बाजूने की धाकट्या लेकाच्या, काही कळलं नाही.

दिराने ओळ परत लिहिली, सर्व्हर बंद करून सुरू केला. वहिनींनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि लगेच उघडले. या माणसापायी देवाला तरी किती वेळा वेठीला धरायचं! फोनवर चेहरे उमटू लागले. शेवटचा नवा होता, केस बारीक कापलेला.

"आता तिला फोन तुम्ही करायचा."

"करतो. सांगतो, सर्व्हरमध्ये जरा गडबड होती."

"सर्व्हरचं नाव घ्याल तर याद राखा. 'माझ्या हातून झालं' म्हणा."

दिराने तसंच सांगितलं, फक्त 'चुकून' जोडून. पलीकडे तिने फोटो उघडला.

"केस कापलेत त्याचे... भुवईवरची खोक... तोच. तोच आहे माझा!" आणि मग तिचा आवाज चढला. "चुकून? सकाळपासून मी त्या चौकटीवर बोट फिरवतेय, आणि तुम्ही चुकून म्हणता? गाडी निघून गेली असती तर?"

ती रडत होती, बोलत होती, थांबत नव्हती. दिराने सुटका करा म्हणून वहिनींकडे पाहिलं. त्या दुसऱ्या फोनवर आश्रमाला गाडी थांबवायला सांगत होत्या. त्यांनी हातानेच खूण केली: ऐका.