उंबऱ्याच्या अलीकडे

धाकट्या भावाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, यावर फौजेचं काहीच म्हणणं नव्हतं. मेडिकल बोर्डाने पाय तपासला, टक्केवारी लिहिली आणि त्याला घरी पाठवलं. वाद होता तो एवढाच, की पाय गेला त्या घडीला तो फौजेचा होता की आमचा. आमचा होता असं ठरवून त्यांनी अपंगत्वाचं पेन्शन नाकारलं. पत्रात लिहिलं होतं, सुट्टीवर घरी पोहोचल्यानंतर खाजगी कामासाठी बाहेर पडला असताना अपघात झाला. मी चिडलो, शिव्या दिल्या. पण शिव्या देताना मला पक्कं ठाऊक होतं, की हे वाक्य त्यांनी मनाने लिहिलेलं नाही. ते आमच्याच घरून गेलं होतं.

घडलं होतं ते असं. तो सुट्टीवर आला तेव्हा मी मोटरसायकल घेऊन संभाजीनगर स्टेशनवर गेलो. त्याची काळी पत्र्याची पेटी मागच्या कॅरिअरला दोरीने बांधली आणि निघालो. आमची वस्ती फुलंब्रीच्या पुढे, सिल्लोड रस्त्याला. सरळ घरी जायचं सोडून मी फुलंब्रीला गाडी खुलताबादकडे वळवली. कारण सांगायची आजही लाज वाटते. माझी सुपारी फुटली होती, मुलगी त्या बाजूच्या गावची, आणि मला फौजी भाऊ सासुरवाडीत मिरवायचा होता. तो मागून म्हणत होता, "दादा, आधी घरी चल, आई वाट बघती." मी म्हणालो, "गप बस, चहा पिऊन लगेच निघू." थोडं पुढे गेलो तोच मक्याची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर आला. माझं खांद्याचं हाड मोडलं. त्याचा पाय चाकाखाली सापडला.

दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले, पुढे त्याच्या युनिटनेही चौकशी केली. दोन्ही वेळा आईने एकच सांगितलं. पोरगा घरी आला, भाकर खाल्ली, मग दोघं भाऊ खुलताबादला मारुतीच्या दर्शनाला गेले. आमची वस्ती शेतात, खरं-खोटं करायला शेजार नाही. आम्ही दोघांनी माना हलवल्या.

पोलीस गेल्यावर तिने मला बजावलं, "पोरीच्या दारात जाताना झालं हे कुणाला कळायचं नाय. लग्नाआधीच दिराचा पाय खाल्ला म्हणतील. पांढऱ्या पायाची म्हणून जन्मभर बोलतील तिला." पेन्शनबिन्शन तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. चार महिन्यांनी लग्न झालं. धाकटा कुबड्यांवर नाचला. बायकोला यातलं काही कळलं नाही, आणि कळू द्यायचं नाही हे आम्हा तिघांचं ठरलेलंच होतं.

अपिलाची मुदत संपायला तीन आठवडे उरले होते, तेव्हा मी माजी सैनिकांच्या कार्यालयात एका निवृत्त सुभेदारांकडे गेलो. ते लोकांचे अर्ज लिहून देतात. मला वाटलं होतं, अपील म्हणजे कोर्टासारखं असेल, धाकटा कुबड्या घेऊन उभा राहील, साहेबांना दया येईल. सुभेदार हसले. "कोई नहीं बुलाता भाई. कमिटी बसते, फाइल बघते. पाय नाही बघत, कागद बघते." मग त्यांनी सांगितलं, की सुट्टीवर निघालेल्या जवानाला घराच्या उंबऱ्यापर्यंत ड्युटीवरच धरतात. उंबरा ओलांडला की तो खाजगी माणूस.

त्यांनी फाइल पहिल्यापासून वाचायला घेतली. पोलिसांच्या पंचनाम्यावर आले आणि थांबले. रस्त्यावर काय काय पडलं होतं त्याची यादी होती. त्यात काळी पेटी, कुलूप लावलेली.

"घर को पोहोचलेला माणूस पेटी घेऊन दर्शनाला कायकू जाईल?"

त्यांनी फाइल मिटली.

"झूट कोण बोललं?"

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, कमिटीपुढे दोनच सवाल येतील, घरी पोहोचला होता का, आणि वाट कुणी बदलली; त्याने स्वतः बदलली असेल तर ड्युटी तिथेच संपली. पहिल्याचं उत्तर आईने द्यायचं, दुसऱ्याचं मी. दोघांनी प्रतिज्ञापत्र करायचं, आधीचं खोटं का बोललो तेही लिहायचं. कारण लिहिलं नाही तर नव्या जबाबावर कोण विश्वास ठेवणार?

कारण म्हणजे माझी बायको.

धाकटा ऐकायलाच तयार नव्हता. "वहिनीचं नाव कागदावर आणायचं असंल तर मला पेन्शन नको," म्हणून बसला. तेव्हा तो एका गोदामावर राखणदारी करत होता, आठ आठ तास उभा. पायाच्या टोकाला जखमा व्हायच्या आणि त्या जखमा धुवायला गरम पाणी माझी बायकोच ठेवायची. शेवटी आईच उठली. चुलीपुढे बायको भाकरी थापत होती, तिच्यासमोर बसून आईने पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी दाराशी उभा होतो. बायकोने ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि एवढंच म्हणाली, "लिहा. माझं नाव लिहा."

त्यानंतर ती त्या विषयावर अवाक्षर बोलली नाही. रडली असती, भांडली असती तर बरं वाटलं असतं. मला तिची भीती वाटायला लागली होती.

प्रतिज्ञापत्रं गेली. आईने अंगठा दिला, मी सही केली. मग नुसती वाट. बोलावणं नाही, फोन नाही. ज्यांनी ठरवायचं होतं त्यांनी आमच्यातल्या कुणाचं तोंडही पाहिलं नाही.

वर्ष उलटल्यावर लिफाफा आला. अपील मंजूर. धाकट्याने मोठ्याने वाचायला घेतलं. पेटीचा उल्लेख होता. गाडी दुसऱ्याने वळवली, अर्जदाराची त्याला संमती नव्हती, असंही होतं. मग तो मध्येच अडखळला आणि पुढच्या ओळीवर गेला.

"मधलं गाळू नको," आई म्हणाली. "माझ्याबद्दल हाय ना? वाच."

त्याने वाचलं. अर्जदाराच्या आईचा पहिला जबाब खोटा होता, तो विचारात घेतलेला नाही.

"बरोबर लिहिलंय," आई म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं. मी आनंदाने ओरडणार होतो, पण आधी बायकोकडे बघितलं. ती आईच्या शेजारी जाऊन बसली होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुम्ही तेव्हाच मला सांगितलं असतं, तर मी हे लग्न मोडलं असतं."

"व्हय," आई म्हणाली. "म्हणूनच नाय सांगितलं."